पाण्याचं मला विचार

आयपीएत, म्हणजे इंडिया पेल एल नावाच्या बिअरमध्ये, वेलची घालू नये, असं माझं आज ठाम मत आहे. गूळ घालू नये, ज्वारीच्या कण्या घालू नयेत, कैरी-कोकम तर मुळीच नको. काही वर्षांपूर्वी हेच सगळं घालावं म्हणून मी मित्रांशी हमरीतुमरीवर यायचो. नुसता वाद घालून थांबायचो नाही, करून पाजायचो.

आणि ती बिअर फसली होती असंही नाही. फसली असती तर मत बदलायला काही लागलंच नसतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि गप्प बसलो असतो. पण लोकांना ती आवडायची. ऑफिसातले गोरे सहकारी बाटली उजेडात धरून बघायचे, वास घ्यायचे, 'ही खरी इंडियन आयपीए' म्हणायचे. डर्बी-लेस्टरकडचे मराठी मित्र तर फर्माइश करायचे. बाटलीवर मी हाताने लेबल लिहायचो: परळी आयपीए. त्या लेबलाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा एकच माणूस नाराज झाला. आईचा फोन आला, "वैजनाथाचं गाव हाय ते. बाटलीवर कामून लिहिलंस?" ज्योतिर्लिंगाच्या गावाचं नाव बिअरवर नको, एवढंच तिचं म्हणणं. मी ते हसण्यावारी नेलं. तिचा पुढचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेता आला नाही, पण तो नंतर.

मी मूळचा परळी वैजनाथचा आणि राहतो बर्टन अपॉन ट्रेंटला. आयपीए जिथं मोठी झाली ते हे गाव. नोकरी डर्बीच्या बाजूला. जाता-येता विलिंग्टनचे पाच कूलिंग टॉवर दिसायचे. तिथलं कोळशावरचं वीजकेंद्र 1999 सालीच बंद झालेलं, टॉवर तेवढे मागं राहिलेले. पहिल्यांदा रेल्वेतून ते बघितले तेव्हा मी बायकोला म्हणालो, "बॅगा काढ, स्टेशन आलं." परळीच्या थर्मलच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला टॉवर दिसले की गाव आलं असंच वाटतं.

बर्टनमध्ये राहून घरी बिअर केली नाही तर शेजारी विचारतात. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही; विकायची मात्र नाही. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, त्यात विनापरवाना दारू तयार करणं गुन्हा, आणि प्यायलाही कागदोपत्री परवाना लागतो. बिअरला वय 21, कडक दारूला 25. तेव्हा पुढं जे लिहिलंय ते सगळं बर्टनच्या माझ्या स्वयंपाकघरातलं आहे. परळीत कुणी करून बघू नये. हातभट्टीनं आमच्या भागात किती घरं बसवली ते मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळं या छंदाचं कौतुक करताना मी एका मर्यादेपलीकडं जात नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जवाला मोड आणायचे, मग ते भट्टीत वाळवायचे. नाचणीच्या सत्त्वासाठी आपण करतो तसंच. हा झाला माल्ट. तो भरडून 66-67 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. गाळून निघालेलं गोड पाणी म्हणजे वर्ट. ते उकळताना त्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, घालायची. सुरुवातीला घातलेली फुलं कडवटपणा देतात, शेवटी घातलेली वास देतात. मग थंड करून यीस्ट.

पाककृती आखताना घरचा ब्रूअर शेवटापासून सुरुवात करतो. बिअर किती हवी, किती जोमाची हवी, किती कडू हवी हे आधी ठरवायचं आणि मग मागं मागं येत किलो-ग्रॅम काढायचे. माझी परळी आयपीए अशी होती: 20 लिटरला साडेतीन किलो माल्ट, एक किलो मालदांडी ज्वारीच्या कण्या, पाऊण किलोच्या आसपास गूळ, उकळीच्या शेवटी ठेचलेली वेलची आणि हॉप्स इतके, की कडवटपणाचा आकडा शंभराला टेकावा. हा आकडा आयबीयू नावाच्या एककात मोजतात. साध्या लागर बिअरचा तो वीसच्या खाली असतो.

ज्वारी आईनं सामानातून पाठवलेली. तिला वाटलं भाकरीसाठी. ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून कण्या आधी वेगळ्या शिजवून घ्याव्या लागतात आणि मग माल्टच्या पाण्यात मिसळाव्या लागतात. माल्टमधली विकरं मग त्यांचीही साखर करतात. हे जमवायला मला बरीच खटपट करावी लागली आणि जमल्यावर जो अभिमान वाटला त्यात चवीचा संबंध कमीच होता. गुळाचं तर असं, की तो गोडीसाठी घालतोय असं मी सगळ्यांना सांगायचो आणि त्यातली बहुतेक सगळी गोडी यीस्ट खाऊन टाकायचं. मागं उरायचा तो थोडा खारट-काळसर स्वाद आणि पातळपणा. वेलची मात्र प्रामाणिक होती. चिमूट घातली तरी बाटली उघडल्याबरोबर आधी तीच यायची. तिच्या आड हॉप्सचा वास गेला की राहिला हे कळायला मार्ग नव्हता, आणि कळून घ्यायची मला घाईही नव्हती.

कारण माझा मुद्दा चवीचा नव्हता, हिशेब चुकता करण्याचा होता. ज्या बिअरच्या नावात आमचा देश आहे तिच्यात आमच्याकडचा एक दाणा नाही? मग मी घालतो. भाषण तयारच असायचं. त्यात पुढं ती प्रसिद्ध गोष्ट यायची: हिंदुस्थानात जाणारी बिअर बोटीवर नासायची, म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या ब्रूअरनं ती मुद्दाम भरपूर जोमाची आणि भरपूर कडू केली, आणि आयपीए जन्मली. शंभरचा आकडा मी या गोष्टीवरूनच घेतला होता. समुद्र ओलांडायचा तर कडूच पाहिजे.

मत बदलायला सुरुवात इथून झाली. बर्टनमध्ये राहून या गोष्टीच्या जरा खोलात शिरलं की ती उभी राहत नाही. जॉर्ज हॉजसननं बो भागात ब्रूअरी काढली ती 1752 साली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथं लागत ते ब्लॅकवॉल तिथून जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा माल नेऊन विकायची मुभा असायची. हॉजसन त्यांना दीड वर्षापर्यंतची उधारी द्यायचा. ब्रूअरी जवळ आणि उधारी लांब, एवढ्या भांडवलावर त्यानं हिंदुस्थानचा बाजार धरला. बिअर त्याची फिकट रंगाची आणि हॉप्स बऱ्यापैकी असलेली होती हे खरं, पण तशी बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती. आणि त्याच जहाजांतून काळी पोर्टर बिअरही जायची, शिपायांसाठी, ढिगानं. तीही धडधाकट पोचायची. म्हणजे बिअर नासू नये म्हणून हॉजसननं काही नवीन शोधून काढलं, या म्हणण्याला आधार सापडत नाही. उधारीनं जे केलं त्याचं श्रेय कडवटपणाला मिळालं.

पुढची गोष्ट तर बर्टनच्या अभिमानाची. 1820 च्या सुमारास हॉजसनच्या वारसांनी उधारी आवळली आणि माल स्वतःच पाठवायला लागले. कंपनीचे लोक चिडले. 1822 मध्ये कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला जेवायला बोलावलं आणि हॉजसनच्या बिअरची बाटली पुढं ठेवून विचारलं, अशी करशील का? बर्टनचा रशियाशी चालणारा बिअरचा धंदा तिथल्या जकातीनं नुकताच बुडाला होता, ऑलसॉपला गिऱ्हाईक हवंच होतं. त्याचा माल्ट करणारा जॉब गुडहेड यानं पहिला नमुना चहाच्या किटलीत केला असं सांगतात. आणि गंमत अशी, की बर्टनची बिअर हॉजसनच्यापेक्षा सरस निघाली. फिकट, स्वच्छ, कडवटपणा कोरडा आणि टोकदार.

का, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. उत्तर विहिरीत होतं. बर्टनच्या जमिनीखाली जिप्समचे थर आहेत. त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर. जुन्या विहिरींचं सल्फेट लिटरला 600 मिलिग्रॅमच्या वर सांगतात. 1870 च्या दशकाच्या अखेरीस रसायनतज्ज्ञांनी हे ओळखलं आणि मग जगभरचे ब्रूअर आपापल्या पाण्यात जिप्सम टाकून त्याला 'बर्टनचं' करून घ्यायला लागले.

हे वाचल्यावर मी वडिलांना, आण्णांना, फोन लावला. आण्णा परळीच्या थर्मलमध्ये केमिस्ट होते, पाण्याचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही असा माणूस. माझ्या छंदाबद्दल त्यांनी तोवर एक शब्द विचारला नव्हता. मी जरा आढेवेढे घेत विषय काढला, तर म्हणाले, "पिण्याचं तुझं तू बघ. पाण्याचं मला विचार."

त्यांची प्रयोगशाळा मला चांगली आठवते. सुट्टीत डबा द्यायला जायचो तेव्हा ते हार्डनेसचं टायट्रेशन करत असायचे. फ्लास्कमध्ये मोजून पाणी, त्यात अमोनियाचं बफर, नाकाला झोंबणारं, आणि चिमूटभर काळी पूड. पाणी लालबुंद व्हायचं. मग ब्युरेटची चावी हळूच सोडायची, फ्लास्क मनगटानं गोल फिरवत राहायचं. लाल जांभळं व्हायला लागलं की थेंब-थेंब. आणि एका थेंबाला सगळं निळं. तो थेंब ओळखणं हीच सगळी कारागिरी. वहीत ते पहिल्या रंगाचं नाव लिहायचे 'वाइन रेड'. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. वाइन त्यांनी कधी डोळ्यांनीही बघितली नसावी.

"रिपोर्ट पाठव," म्हणाले. बर्टनमध्ये राहतो म्हणजे पाणी आपोआप बर्टनचं, हा माझा समज. पण घरच्या नळाला येतं ते पालिकेसारख्या पुरवठ्याचं, नदीचं-धरणाचं मिसळलेलं, क्लोरिन मारलेलं. ब्रूअऱ्यांच्या विहिरीशी त्याचा संबंध नाही. पाणी कंपनीच्या अहवालातले आकडे मी पाठवले. संध्याकाळी आण्णांचा उलट फोन. सल्फेट जुन्या विहिरींच्या जवळपासही नाही, बायकार्बोनेट मात्र बऱ्यापैकी. "तुला कसं पाणी पाहिजे ते सांग." मी सांगितलं, सल्फेट अडीचशेच्या आसपास पुरे, सहाशेपर्यंत जायचं नाही, तेवढ्यानं बिअरला गंधकाचा वास येतो, बर्टनला त्याचंही कौतुक आहे, मला नाही. तर त्यांनी फोनवरच हिशेब केला. एक ग्रॅम जिप्सम एक लिटरमध्ये विरघळलं तर कॅल्शियम 233 मिलिग्रॅम, सल्फेट 558. तुला पाणी किती? तीस लिटर. मग 12 ग्रॅम टाक. सल्फेट 223 नं वाढेल, कॅल्शियम 93 नं. मग थोडा वेळ शांतता आणि मग हसले. फार क्वचित हसतात. म्हणाले, "तीस वर्षं हे बॉयलरपासून लांब ठेवायचा पगार घेतला. आणि तू विकत आणून टाकायलास."

बॉयलरच्या नळ्यांत कॅल्शियम सल्फेटचा थर बसला तर नळी तापून फुटते. त्यांच्या फीड वॉटरला हार्डनेस शून्य लागायचा. म्हणून त्या माणसाला पाण्यातला एकेक क्षार नावानं माहीत, शत्रू म्हणून का होईना.

मी विचारलं, परळीच्या पाण्यात ही बिअर झाली असती का? "नाही." त्यांनी पटकन सांगितलं आणि मग समजावलं. आपलं सगळं काळ्या खडकातलं पाणी. बोअरचं पाणी जड असतं, पण ते बायकार्बोनेटनं जड, जिप्समनं नव्हे. तुझ्या आईच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो तो त्याचाच. उकळलं की हा जडपणा खाली बसतो, जिप्समचा बसत नाही. फिकट माल्टला स्वतःचा आंबटपणा फारसा नसतो. बायकार्बोनेट त्याचा पीएच वर ढकलतं, साखर नीट निघत नाही, आणि कडवटपणा घशाला खरवडतो. भाजून काळा केलेला माल्ट मात्र आम्लधर्मी असतो, तो या पाण्याला पुरून उरतो. डब्लिन आणि म्युनिक या गावांत काळी-तपकिरी बिअर का वाढली त्याचं एक कारण हेच आहे. म्हणजे परळीच्या बोअरवर कुणी बिअर केलीच असती तर ती काळी झाली असती. 'परळी आयपीए' हे लेबल रसायनशास्त्राच्या दृष्टीनं चूक होतं.

यावर मी लगेच शरण गेलो असं नाही. पुढच्या खेपेला जिप्सम घातलं, पण वेलची-गूळ तसंच ठेवलं. फरक कळेना. कळणार कसा? मग एकदा नुसत्या हट्टापायी सगळं काढून टाकलं: 20 लिटरला पाच किलो मॅरिस ऑटर माल्ट, 150 ग्रॅम फिकट क्रिस्टल माल्ट, बारा ग्रॅम जिप्सम. चॅलेंजर हॉप्स 45 ग्रॅम तासभर उकळून, गोल्डिंग 40 ग्रॅम शेवटच्या पंधरा मिनिटांना, आणि आंबून झाल्यावर तेवढंच गोल्डिंग कोरडं. घनता 1.058 वर सुरू, 1.012 वर थांबली. अल्कोहोल सहा टक्के. आयबीयू सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी. आणि ती आधीच्यापेक्षा कडू लागली. जिभेवर कडवटपणा आला, उभा राहिला आणि गेला. मागं चिकटला नाही. शंभरच्या आकड्यानं जे साधलं नव्हतं ते बारा ग्रॅम पांढऱ्या पुडीनं साधलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं, जो पूर्वी एका ब्रूअरीत पिंपं धुवायचा, ग्लास रिकामा करून पुन्हा पुढं केला. माझ्या मसाला-बिअरला त्यानं नेहमी 'इंटरेस्टिंग' म्हटलं होतं. इंग्रज माणूस 'इंटरेस्टिंग' कधी म्हणतो हे इथं राहणाऱ्यांना सांगायला नको.

ज्वारीबद्दल मात्र गैरसमज नको. ज्वारीची बिअर आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या होते, दाट, आंबूस, ताजी प्यायची. ती ज्वारीची म्हणूनच केलेली असते. तिला कुणी आयपीएचं लेबल लावत नाही. मी ज्वारीला दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून नेऊन बसवत होतो आणि त्याला न्याय म्हणत होतो. आणि आयपीएच्या नावातल्या देशाचं म्हणाल, तर तो देश गिऱ्हाइकाचा पत्ता होता. तेही गिऱ्हाईक म्हणजे कलकत्ता-मद्रास-मुंबईतले साहेब. परळीत ती कुणी चाखली असेल असं वाटत नाही. माझं कसलंच येणं कुणाकडं थकलेलं नव्हतं.

आता आईचा प्रश्न.

उकळता वर्ट लवकर थंड करावा लागतो. त्यासाठी तांब्याच्या नळीचं वेटोळं भांड्यात बुडवतात आणि त्यातून नळाचं गार पाणी सोडतात. नळीचं दुसरं तोंड बेसिनमध्ये. एकदा असं चालू असताना घरी व्हिडिओ कॉल लावला होता. आईनं बघितलं आणि विचारलं, "ते पाणी कुठं चाललंय?"

मी म्हणालो, सिंकमध्ये.

"सगळं?"

सगळं. वीस लिटर वर्ट गार करायला त्याच्या तिप्पट-चौपट पाणी वाहतं. स्वच्छ, पिण्याचं, फक्त कोमट झालेलं. आई पुढं काही बोलली नाही. तिनं भाजीचा विषय काढला.

आमच्या घरी पाण्याबद्दल बोलायला लागत नाही. 2013 च्या फेब्रुवारीत खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून परळीचं थर्मल बंद पडलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं. आण्णांना तो दिवस अजून बोचतो, निवृत्त असूनही. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं 60 टक्क्यांपर्यंत कापायचा आदेश दिला. तिकडं बिअरचे मोठे कारखाने आहेत, जायकवाडीच्या पाण्यावर चालतात. मी तेव्हा या आदेशाच्या बाजूनं तावातावानं बोललो होतो. आणि इथं माझ्या बेसिनमध्ये काय चाललं होतं? बर्टनला दुष्काळ नाही, ट्रेंट भरून वाहते, माझ्या सत्तर-ऐंशी लिटरांनी मराठवाड्यात एक हंडा भरणार नाही, हे सगळं मला माहीत आहे. तरी तोटी चालू ठेवून उभं राहणं मला जमेना. हा तर्क नाही, सवय आहे. पण पाककृती आखणाऱ्याच्या सवयी पाककृतीत उतरतातच, तर ही का नको?

ऑस्ट्रेलियात, पाण्याच्या टंचाईमुळं, घरच्या ब्रूअरांनी यावर एक युक्ती काढली आहे. वर्ट थंड करायचाच नाही. उकळता वर्ट जाड प्लॅस्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये तोंडोतोंड भरायचा, हवा राहू द्यायची नाही, झाकण लावून आडवा करायचा म्हणजे झाकणही आतून भाजून निघतं, आणि रात्रभर सोडून द्यायचा. सकाळी यीस्ट घालायचंच. दिवसेंदिवस तसा ठेवायचा नाही. पाणी शून्य. पण यानं पाककृती सगळी हलते. कडवटपणा उकळीतच तयार होतो असं नाही, ऐंशी अंशांच्या वर वर्ट आहे तोवर तो तयार होत राहतो, आणि कॅनमध्ये तो बराच वेळ त्या तापमानाला असतो. शेवटच्या पंधरा मिनिटांना घातलेलं गोल्डिंग अर्ध्या तासाचं काम करून बसतं: कडूपणा वाढतो, वास उडतो. पहिल्या खेपेला माझं तसंच झालं. मग चॅलेंजर 45 वरून 38 ग्रॅमवर आणलं आणि गोल्डिंग उकळीतून काढून थेट कॅनमध्ये टाकलं. बंद कॅनमधून वास जाणार कुठं? मधासारखा, थोडा मातकट, गोल्डिंगचा जो स्वभाव आहे तो असा पुरा मला आधी कधी मिळाला नव्हता. जाणकार म्हणतात हळू गार झालेल्या वर्टला शिजलेल्या कोबीचा वास लागतो. मॅरिस ऑटर लागरच्या माल्टपेक्षा जास्त तापवलेला असतो, त्यात त्या वासाचं मूळ कमी. मला अजून तरी तो लागलेला नाही.

एका पुणेकर मित्राला हे सगळं पटलेलं नाही. त्याच्या मते मी वैतागलेला म्हातारा होत चाललोय. पुण्यात 2009 ला दूलालीनं महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूअरी काढली तेव्हापासून तो या क्षेत्रावर बोलतो, आणि स्थानिक फळं-धान्यं वापरणाऱ्यांची यादी त्याला तोंडपाठ आहे. मी त्याला एवढंच सांगतो की त्यांनी जरूर वापरावीत, ते तिथं आहेत. मी ट्रेंटच्या काठावर बसून बॅगेतून आणलेल्या चमचाभर वेलचीनं परळी उभी करू बघत होतो. परळीनं आधीच माझ्या भांड्यात जे करायचं ते केलं होतं, मला न विचारता.

लेबल आता लिहीत नाही. बुचावर खडूनं तारीख आणि सल्फेटचा आकडा टाकतो. आईला तेवढं चालतं.

आण्णा मात्र आता पुरते शिरलेत. दर खेपेचे आकडे त्यांना लागतात. सध्या त्यांचा रोख मॅशच्या, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या, पीएचवर आहे. परवा मी मोठ्या समाधानानं 5.3 सांगितला, अगदी हवा तेवढा. त्यांनी विचारलं, किती तापमानाला मोजलास? गरम असतानाच, मी म्हणालो.

"मग तो आकडा खोड," म्हणाले. "गार करून मोज, तीन-चार दशांशांनी वर येईल. आणि इलेक्ट्रोड उकळत्यात बुडवत जाऊ नको, महाग असतं ते."